दोऱ्याने मोजलेलं अंतर

शाळेत असताना नकाशावरचं अंतर मोजायला मी आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा पळवायचो. दोन गावांवर ताणायचा, मग तसाच उचलून कोपऱ्यातल्या प्रमाणपट्टीवर धरायचा. परवा ती जुनी खोड पुन्हा उफाळून आली आणि बोट जाऊन थांबलं ते थेट कॅनडाच्या माथ्यावर, नुनावुतमध्ये. रेझोल्यूट आणि ग्रीस फियॉर्ड. पहिल्याची वस्ती २०२१च्या जनगणनेत १८३, दुसऱ्याची १४४. आमच्या सोसायटीच्या दोन विंग म्हणा!

भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणला तर अंतर निघालं दीड हजार किलोमीटर. खरं हवाई अंतर आहे जेमतेम ३८०. दोऱ्याचा दोष नाही. दोन्ही गावांच्या रेखांशात सुमारे १२ अंशांचा फरक आहे. मुंबईहून तेवढेच अंश पूर्वेला सरकलं, तर आपण अख्खा देश ओलांडून ओडिशात, गोपाळपूरच्या किनाऱ्यावर पोहोचतो. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना मोदकाच्या कळ्यांसारखी जवळ येतात आणि तिकडे १२ अंशांत ३३० किलोमीटरच मावतात. सपाट नकाशा मात्र मोदक उलगडून पारी पसरून ठेवतो.

बरं, ३८० म्हणजे मुंबई-कोल्हापूर. रात्री बसमध्ये झोपायचं, सकाळी मिसळ. इथे मात्र मध्ये समुद्र आणि बर्फ, रस्ता नाहीच. छोटं ट्विन ऑटर विमान जातं, तेही हवा असेल तर. ग्रीस फियॉर्डची धावपट्टी खडीची, अर्ध्या किलोमीटरची, शेजारी डोंगर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सूर्य उगवतच नाही. इथल्या इनुइट लोकांनी, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांनी, आपल्या भाषेत नावंही तशीच ठेवलीत: ग्रीस फियॉर्डला ‘कधी न वितळणारी जागा’ आणि रेझोल्यूटला ‘पहाट नसलेली जागा’.

ही नावं त्यांनी हौसेने ठेवलेली नाहीत. १९५३ साली कॅनडा सरकारने क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागातल्या इनुकजुआक गावातून काही इनुइट कुटुंबं उचलून इथे आणली. मुबलक शिकार मिळेल, नाही आवडलं तर दोन वर्षांत परत नेऊ, असं सांगून. सगळे एकत्र राहणार, या समजुतीने ती बोटीत चढली होती. त्यांना दोन ठिकाणी वाटून टाकणार, हे कळलं ते बोटीवर. भाऊ इकडे, बहीण तिकडे. मी मोजत बसलेलं ३८० किलोमीटर ते हेच.

मग इनुकजुआकपासूनचं अंतरही पाहिलं. सुमारे २००० किलोमीटर. दोन वर्षांचा वायदा होता. सरकारी मदतीने काहीजण माघारी गेले, तेव्हा १९८९ साल उजाडलं होतं.