आईच्या वॉल्व्हला क्लिप बसवली, तो सगळा प्रवास

नातेवाईकांत आणि ओळखीत आता चार-पाच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, सांगलीत शाळेत शिकवते, त्यामुळे जे आमच्या घरात घडलं आणि त्या निमित्तानं जे वाचलं तेवढंच.

आईचं वय 74. 2009 ला बायपास झालेली, शुगर आहे, किडनी कमजोर, म्हणजे क्रिएटिनिन 1.8 च्या आसपास. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी तिला धाप लागायला लागली, आधी जिना चढताना, मग नुसती अंघोळ करून आली तरी, आणि शेवटी शेवटी रात्री आडवं झालं की खोकला सुरू, मग उठून हॉलमधल्या खुर्चीत बसूनच पहाट करायची. आम्ही आपलं कफ कफ म्हणून काढे देत बसलो, दीड महिना गेला त्यात. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की हृदयाचं पंपिंग कमी होऊन 32 टक्क्यांवर आलंय आणि मायट्रल वॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, सिव्हिअर लीक. त्यानंतर सहा महिन्यांत तीन ऍडमिशन. छातीत पाणी भरायचं, आयसीयू, लघवी होण्याची इंजेक्शनं, चार दिवसांनी घरी, की परत तेच.

पुण्यातल्या कार्डिओलॉजिस्टनी कागदावर चित्र काढून सांगितलं. आईच्या वॉल्व्हच्या पाकळ्या मुळात चांगल्या होत्या, पण हृदयाचा डावा कप्पा कमजोर होऊन पसरला होता. दाराची चौकटच पसरली तर दोन फळ्या एकमेकींना टेकत नाहीत, मधे फट राहते, तसं. रक्त पुढे जायच्या ऐवजी त्या फटीतून मागे फुफ्फुसाकडे. ओपन सर्जरीला सर्जननी सरळ नाही म्हणलं, एकदा उघडलेली छाती परत उघडायची, खाली बायपासच्या नसा चिकटलेल्या, त्यात किडनी अशी. मग विषय निघाला मायट्राक्लिपचा. मांडीच्या शिरेतून नळी घालून वर जायचं आणि दोन्ही पाकळ्या मधोमध चिमटीत धरून क्लिप लावायची. आल्फिएरी नावाच्या इटालियन सर्जननी 1991 मध्ये ओपन सर्जरीत पाकळ्यांना मधे टाका घालायला सुरुवात केली होती, ही क्लिप म्हणजे तोच टाका, फक्त छाती न उघडता. माणसात पहिल्यांदा लावली 2003 मध्ये, व्हेनेझुएलात. आपल्याकडे आली 2021 मध्ये.

आम्हाला वाटलं आता तारीख देतील, तर डॉक्टर म्हणाले आधी तीन महिने औषधं नीट बसवू. दादा तर चिडलाच, म्हणाला सहा महिने गोळ्याच खातेय की ती. पण आता मागे वळून बघितलं तर मला सगळ्यात महत्त्वाचे तेच तीन महिने वाटतात. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) वाढवला, अर्नी म्हणतात ती कमजोर हृदयासाठीची गोळी अगदी छोट्या डोसनं सुरू केली कारण बीपी शंभरच्या पुढे जायचंच नाही, डापाग्लिफ्लोझिन, डायटॉर, अल्डॅक्टोन अशा आणखी गोळ्या, आणि दर पंधरा दिवसांनी रक्तातलं पोटॅशियम-क्रिएटिनिन तपासायचं. रोज सकाळी बाथरूमला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी वजन. ते आम्ही कालनिर्णयवर लिहायचो, त्याच चौकोनात जिथे आई दुधाचा हिशोब लिहिते, म्हणजे वर दीड लिटर आणि खाली 58.4 असं. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर फोन करायचा, म्हणजे पाणी साठतंय. काही जणांचं लीक एवढ्यानंच कमी होतं आणि क्लिप लागतच नाही. आईचं नाही झालं, पण त्या तीन महिन्यांत ऍडमिशन एकही नाही.

आणि आधी औषधं का ते मला वाचताना कळलं. 2018 मध्ये याच विषयावर दोन मोठे अभ्यास आले आणि निकाल चक्क उलटे. फ्रान्समधल्या मित्रा-एफआरमध्ये 304 पेशंट होते, वर्षभरात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरनं (हृदय कमजोर पडल्यामुळे) ऍडमिशन हे क्लिपवाल्यांत 54.6 टक्के आणि नुसत्या औषधवाल्यांत 51.3, म्हणजे फायदा शून्य. अमेरिका-कॅनडातल्या कोऍप्टमध्ये 614 पेशंट, तिथे शंभर पेशंटमागे वर्षाला ऍडमिशन साधारण 36 विरुद्ध 68, आणि दोन वर्षांत मृत्यू 29 टक्के विरुद्ध 46. एवढा फरक कसा? डॉक्टरांनी सांगितलेलं कारण असं की कोऍप्टमध्ये औषधं आधी पूर्ण बसवूनच पेशंट घेतले होते, शिवाय त्यांचं लीक जास्त होतं आणि कप्पा तुलनेनं कमी पसरलेला. कप्पाच फार मोठा झाला असेल तर फट बुजवून काय होणार, खरं दुखणं स्नायूचंच. म्हणून त्यांनी आईचा इको दोनदा स्वतः मोजला, एकदा गळ्यातून नळी घालून पण. ती कोऍप्टवाल्या गटात बसत होती.

पण त्याच अभ्यासाचे पाच वर्षांचे आकडे दादानं काढले आणि घरात शांतता पसरली. क्लिप लावलेल्यांतले 57 टक्के गेले होते, सुरुवातीला नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांतले 67. मी डॉक्टरांना हे तोंडावर विचारलं. ते म्हणाले, बरोबर वाचलंय तुम्ही, क्लिप हृदय नवीन करत नाही, लीकचं ओझं काढते. मला हे उत्तर फार आवडलं, कारण बाहेर जो तो 'एकदम मोकळं होतं माणूस' असंच सांगत होता.

पैशाचं सांगायचं तर एस्टिमेट तीस लाखांच्या पुढे, मेडिक्लेम पाच लाखांचा, त्यातही टीपीएनं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्यांनी, तीनदा क्वेरी काढली. मिरजेजवळचा बाबांनी घेऊन ठेवलेला प्लॉट विकला. एका काकांनी आईच्या देखत म्हणलं की या वयात एवढा खर्च करायचा का, तर आई म्हणाली, "भाव करायला मी काय बाजारात मांडलेय का?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

प्रोसिजरच्या आधी दातांची तपासणी करायला लावली, कारण हिरड्यांतलं इन्फेक्शन रक्तातून क्लिपवर बसू शकतं. पूर्ण भूल, गळ्यात इकोची नळी, उजव्या मांडीतून मोठा कॅथेटर, मग हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छोटं भोक पाडून डावीकडे. एक क्लिप लावली, बऱ्यापैकी लीक राहिलं, म्हणून दुसरी. फार क्लिपा लावल्या तर दारच अरुंद होतं म्हणे, म्हणून प्रत्येक वेळी प्रेशर बघून मगच क्लिप सोडतात. पावणेतीन तास आम्ही बाहेर, दादा त्या वेंडिंग मशीनचा चहा पित होता, पाच कप. बाहेर आली तेव्हा तिची एकच तक्रार, घसा दुखतोय. पाय सरळ ठेवून झोपायचं होतं काही तास, तेवढ्यातही दोनदा नर्सची बोलणी खाल्ली. चौथ्या दिवशी डिस्चार्ज.

घरी आल्यावर पहिल्या रात्री ती दोन उशांवर झोपली आणि मी रात्रभर जागी, खोकल्याची वाट बघत. खोकला आलाच नाही.

आता सोळा महिने झाले. लीक माइल्ड. पंपिंग 35, म्हणजे फारसं वाढलेलं नाही. गोळी एकही कमी झाली नाही, उलट रक्त पातळ करायची एक वाढली. दुसऱ्या मजल्यावर एका थांब्यात चढते, मंडईत जाऊन स्वतः भाजी निवडून आणते. ऍडमिशन एकदा झाली, भाचीच्या लग्नात तीन दिवस पापड-लोणची-मठ्ठा, वजन अडीच किलो वर, आणि मला सांगितलं नाही. त्यानंतर वजन मीच बघायचं ठरलं होतं पण ती ऐकते थोडीच, परत स्वतःच लिहायला लागली. परवा कॅलेंडर बघितलं तर मंगळवारचा आकडा सोमवारीच लिहून ठेवलेला.