हिरवा दिवा आणि हलका हात

सिमेंट न वापरता खुब्याचा सांधा बदलताना धातूचा दांडा, म्हणजे स्टेम, मांडीच्या हाडात ठोकून बसवतात. त्याआधी त्याच आकाराची दातेरी कानस, म्हणजे ब्रोच, लहान मापापासून चढत्या मापाने आत ठोकत जायचा. स्टेम सैल राहिला आणि हाडात साधारण १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलू लागला, तर हाड त्याला धरत नाही. ठोके जास्त झाले तर हाडच चिरतं. पकड घट्ट होईल तसा ठोक्याचा स्वर चढतो. पुढे तो बदलेनासा झाला की थांबायचं. मुरलेला कान हे ऐकतो. आम्ही तेच संगणकाच्या एआय मॉडेलला शिकवत होतो.

ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात मी मायक्रोफोन सांभाळत उभा. सेकंदाला ४४,१०० नमुने, त्यात सक्शनची घरघर आणि मॉनिटरची पिंपिंगही आलीच. निकाल फक्त माझ्या स्क्रीनवर दिसायचा, सर्जनना नाही. नशीब!

त्या दिवशी पेशंट वयस्कर बाई होत्या, हाड ठिसूळ. चौथ्याच ठोक्याला माझ्याकडे हिरवा दिवा: स्थिर. सर मात्र ठोकतच राहिले. माझ्या पोटात गोळा आला, आता हाड जातंय की काय! मग त्यांनी ब्रोचचं हँडल धरून पिळून पाहिलं. तो सरळ फिरला.

"सैल आहे. पुढचं माप द्या, सिस्टर."

रात्री जुनी रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकली. शेवटाकडे सर्जन हात आवरता घेतात, ठोके हलके पडतात. मॉडेलने स्वर सोडून एवढंच उचललं होतं: ठोका हलका, म्हणजे बसला. इथे ठिसूळ हाडामुळे सरांचा हात पहिल्यापासूनच हलका होता. शिवाय आमची एक लाजिरवाणी चूक: एकाच पेशंटचे ठोके शिकवायलाही वापरलेले आणि परीक्षेलाही. सगळे ठोके एका पातळीवर आणले, पेशंट वेगळे केले, पुन्हा शिकवलं. इतके दिवस मिरवलेला अचूकतेचा आकडा धाडकन खाली आला.

सकाळी सरांना सांगितलं. "म्हणजे ते हाड ऐकतच नव्हतं," ते म्हणाले, "माझा हात ऐकत होतं."

ठोक्याचा जोर वेगळा मोजायला हातोडीवर सेन्सर बसवायचाय. पण हातोडी दर वेळी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करणाऱ्या गरम वाफेत, जाते. सध्या तिथेच अडलंय.