स्टेशनावरच्या माणसांसाठी एक पणती

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे आणि खानापूर तालुक्यातील आमच्या गावात जवळजवळ प्रत्येक भावकीत फौजेत गेलेला कोणीतरी असल्यामुळे, वीरमरण हा शब्द आम्हाला वर्तमानपत्रातून नव्हे, शेजारच्या उंबऱ्यावरून कळतो. तरीही २६ नोव्हेंबरला मारुतीच्या देवळासमोर मेणबत्त्या लागतात, तेव्हा मला एक गोष्ट खटकते. गणवेशातल्यांची नावे घोषणांत येतात. परंतु २००८ च्या मुंबईवरील त्या दहशतवादी हल्ल्यात बळी पडलेल्या १६६ जणांपैकी बहुतेक जण सामान्य नागरिक होते, त्यांतले कितीतरी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत, सामान सांभाळत बसलेले. त्यांना ‘शहीद’ म्हणण्याची रीत नाही, म्हणून त्यांचे स्मरणही एका वाक्यात आटोपते.

तुकाराम ओंबळे यांच्यापाशी मात्र आमचे निवृत्त सुभेदार काका दरवेळी थांबतात. ओंबळे पोलिसांत येण्यापूर्वी लष्करात होते (हे सांगताना काकांचा आवाज हटकून चढतो), आणि गिरगाव चौपाटीजवळ हाती केवळ लाठी असताना त्यांनी हल्लेखोर कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यामुळेच तो जिवंत हाती लागला आणि त्याच्यावर खटला चालू शकला. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्याच हल्ल्यात वीरमरण आलेले बंगळूरूचे मेजर संदीप उन्नीकृष्णन यांनाही त्याच वर्षी.

यंदा मी स्टेशनावरच्या त्या प्रवाशांसाठी वेगळी पणती नेली. काकांनी काहीही न विचारता तिच्यात तेल घातले आणि वात पुढे सारली.