टीव्हीवर कबूल केलं होतं ना?

लग्नाच्या पंगतीत असो की एसटी स्टँडवर, मी लातूरला फौजदारी वकिली करतो हे कळलं की प्रश्न ठरलेला: "वकीलसाहेब, त्यानं कबूल केल्याचं टीव्हीवर दिवसभर सांगत होते. मग सुटतो कसा?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

ती कबुली पोलिसांपुढची. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमाचं २३ आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोकासारखे अपवाद सोडले तर अशी कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. पट्टीवर मात्र ती दिवसभर फिरते.

लोकांचा रेटा नकोच, असं मी म्हणणार नाही. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांना पळवून नेऊन त्यांचा खून झाला. बीडला, परभणीला मोर्चे निघाले नसते तर तपासाची चक्रं तेवढी फिरली असती का, मला शंका आहे. आमच्याकडे साधी फिर्याद द्यायची तरी माणूस चार जणांना सोबत घेऊन ठाण्यात जातो. पण निकालही मोर्चानंच लावायचा म्हटलं की घोळ होतो. कोल्हापूरच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्येच सांगितलं होतं, की असल्या दबावापासून न्यायाधीशानं स्वतःला जपावं. जपतातही. पण तेही त्याच मंडईत भाजी घेतात, आणि दाराशी कॅमेरे असले की साध्या जामिनाच्या अर्जालाही तारीख पडते, हे मी बघितलंय.

खरं नुकसान भलतीकडेच होतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे जबरी चोरीचा एक खटला होता. रात्री उसाचा ट्रॅक्टर अडवून म्हाताऱ्या चालकाला लुटलेलं. आरोपी अनोळखी, म्हणजे मदार ओळख परेडवर. साधारण त्याच वयाच्या, त्याच बांध्याच्या पाच-सहा जणांत आरोपीला उभं करतात आणि साक्षीदारानं बोट दाखवायचं. तोवर चेहरा दिसू नये म्हणून पोलीस त्याला बुरखा घालून फिरवतात. लोकांना वाटतं, त्याची अब्रू झाकतायत! इथं अटकेच्या संध्याकाळीच कुणीतरी काढलेला फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला होता, खाली 'हाच तो'.

उलटतपासणीत मी एवढंच विचारलं, "परेडच्या आधी याचा फोटो बघितला होता?"

"व्हय की. पोरानं मोबाइलवर दावला. तवाच म्हनलं, ह्योच."

सरकारी वकिलांनी पेन खाली ठेवलं. दुसरा पुरावा नव्हताच. म्हातारा खोटं बोलत नव्हता. पण त्यानं अंधारातला चेहरा ओळखला की मोबाइलमधला, हे आता त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी टपरीवर तो माझ्याच शेजारी येऊन बसला. "सायेब, बराबर सांगितलं नव्हं मी?"

मी दोन चहाचे पैसे दिले आणि उठलो.