शेअरिंगच्या रूमचं डिपॉझिट: कुठे अडकतं, कसं सोडवायचं

जळगाव, धुळे, शिरपूरला चौघं मिळून फ्लॅट घेतात तेव्हा डिपॉझिट बहुधा एकाच्याच फोनवरून जातं आणि करारावरही त्याचंच नाव लागतं. मालक देणं लागतो ते त्या एकाला. बाकी तिघांचं येणं मित्राकडे. म्हणून मधेच कोणी सोडून गेला, तर नव्याने जुन्याला परस्पर पैसे देऊन मोकळं होऊ नये. मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकावी: अमुक गेला, त्याचा वाटा अमुकने भरला, एकूण डिपॉझिट तेवढंच. नुसतं ‘ओके’ आलं तरी कामाचं.

सोडण्याची नोटीस करारात लिहिली असेल तितके दिवस आधी, आणि लेखीच. तोंडी सांगितलेलं मालक हमखास विसरतो. मुदत संपल्यावर मात्र ‘चार दिवस राहू द्या’ महागात पडू शकतं. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याकडून ठरलेल्या भाड्याच्या (करारातल्या शुल्काच्या) दुप्पट रक्कम मागता येते.

आता कुलर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो दोन-तीन महिने खिडकीला लागून चालतो, आणि बोअरचं पाणी क्षाराचं. खिडकीखालचा रंग फुगतो, ग्रिल गंजतं, फरशीवर पांढरे थर चढतात. मालक याला ‘नुकसान’ म्हणतो आणि सगळ्या घराच्या रंगाचे पैसे कापायला बघतो. रंग जुना होणं ही वापरातली झीज. फुगलेला पट्टा तेवढा तुमचा. तो आधीच खरवडून, पुट्टी भरून, त्याच रंगाचा हात मारून घ्या. नळावरचा थर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं की सुटतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका, नळाची चकाकी जाते. शहाबादी फरशीवर तर कुठलंच आंबट नको, सायट्रिकही नाही. ती चुनखडीची असते, तिला डाग पडतो तो कायमचा.

लाइटबिलात दुसरा घोळ. महावितरणचं बिल मागून येतं, म्हणून मालक अंदाजाने रक्कम धरतो. किल्ली देण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, शेवटच्या बिलातलं रीडिंग वजा करा. घरगुती दर १०० युनिटनंतर वाढतो, त्यामुळे सरसकट एकाच दराने गुणलेला हिशोब मान्य करू नका.

वाटणीत सामाईक आणि वैयक्तिक खर्च वेगळे ठेवा. समजा डिपॉझिट २४,०००. लाइटबिल १,८४०, नळ ६००, एकाने फोडलेली काच ७००. परत आले २०,८६०. तिघांना प्रत्येकी ५,३९०, काच फोडणाऱ्याला ४,६९०. सगळ्यांच्याच माथी काच मारली की दोस्ती तुटते, अन् तीही १७५ रुपयांसाठी.

किल्ली देताना रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ करा आणि किल्ली मिळाल्याचा मेसेज मालकाकडून घ्या. ‘नवीन भाडेकरू आला की देतो’ हे उत्तर ऐकायला मिळेल. करारात तसं लिहिलेलं नसेल तर ते तुमच्यावर बंधनकारक नाही.

तरीही टाळाटाळ झाली, तर स्पीड पोस्टाने लेखी मागणी: रक्कम, भरल्याची तारीख, किल्ली दिल्याची तारीख, १५ दिवसांची मुदत. पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतात. त्यापेक्षा जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज करा. मालकाला नोटीस जाते. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. दावाच लावायचा तर साधारण ३ वर्षांच्या आत.

करार नोंदवलेलाच नाही म्हणून हातपाय गाळू नका. नोंदणी करून घेणं ही त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. लेखी मागणीत या कलमाचा उल्लेख जरूर करा.