बोरिवली ते केळवे: मागे फूड ट्रेलर, डावीकडून वारा

भाऊजींचा मिसळ-वडापावचा ट्रेलर केळव्याला पोचवायचा होता. मे महिन्याची अखेर, पुढे बोलेरो आणि मागे १२ फूट लांब, साडेसहा फूट उंच पत्र्याचा डबा. दहिसर, काशीमिरा, वर्सोवा पूल, मनोर, तिथून डावीकडे पालघर आणि केळवे असा मार्ग धरला. वरई फाट्यावरून सफाळ्याचा रस्ता जवळचा आहे, पण तांदुळवाडीच्या घाटात ट्रेलर घालण्यात शहाणपण नाही.

काशीमिऱ्यापर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. खरी गंमत फाउंटन हॉटेलनंतर. तोवर डोंगर आणि इमारतींचा आडोसा असतो, आणि पुलावर चढलात की डावीकडे उघडी खाडी. (हे वर्सोवा घोडबंदरजवळचं, अंधेरीचं नव्हे.) पूल साधारण दक्षिणोत्तर आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे बरोबर डब्याच्या कुशीत. आमची गाडी सरळच होती, पण आरशात ट्रेलरचं उजवं चाक लेनच्या पट्ट्यावर आलेलं दिसलं. भाऊजी म्हणाले, "अरे, मागून कोणी ढकलतंय का?"

ढकलतच होतं. या मापाच्या डब्यावर ताशी ५० किलोमीटरचा वारा आडवा आला तर साधारण ९०-९५ किलोचा रेटा बसतो, आणि ७० चा झोत आला तर त्याच्या जवळपास दुप्पट. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. रिकामा ट्रेलर वजनाला हलका आणि अंगाने तेवढाच मोठा, म्हणून भरलेल्यापेक्षा रिकाम्याचीच जास्त धास्ती ठेवा.

तरी माझ्या मते एकसारखा वाहणारा वारा त्रास देत नाही. हात स्टिअरिंग किंचित वाऱ्याकडे धरून ठेवायला शिकतात. घात होतो तो वारा अचानक थांबतो आणि पुन्हा लागतो तिथे. वसई फाट्याच्या अलीकडे डावीकडून एक कंटेनर आमच्याबरोबर आला. क्षणभर वारा गायब, ट्रेलर डावीकडे ओढला गेला. कंटेनर पुढे सरकला आणि सगळा रेटा एकदम परत. तिथून ट्रेलरने कुत्र्यासारखी शेपूट हलवायला सुरुवात केली. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, आणि "वेग वाढवला की सरळ होतो" हा ढाब्यावर मिळणारा सल्ला तर मुळीच ऐकायचा नाही. वेग वाढला की डोलणं वाढतंच. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, गाडीला आपोआप मंदावू द्या. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर फक्त तोच हळू दाबा. आमच्याला नव्हता. साठवरून चाळिसावर येईपर्यंत डोलणं थांबलं. पुढे मनोरपर्यंत पन्नासच्या वर गेलो नाही आणि मागच्यांचे हॉर्न ऐकत राहिलो.

डोलणं कमी राहिलं याचं श्रेय निघण्याआधीच्या भरणीला. फ्रीजर आणि शेगड्या चाकांच्या वर, किंचित पुढे ठेवल्या होत्या. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकवर पडायला हवा. मागे वजन गेलं की ट्रेलर डोलणारच. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करा, अर्धी नको, कारण आत पाणी हिंदकळतं. टायरची हवा थंड असताना तपासा. हुकखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावा. काउंटरच्या वर उघडणाऱ्या झडपेची एक कडी सैल होती, तिथे दोरी आवळून बांधली. ती झडप पुलावर उघडली असती तर मग शीडच. ट्रेलरचं रजिस्ट्रेशन आणि विम्याचे कागद वेगळे असतात, तेही बरोबर घ्या.

वेळेचं म्हणाल तर पहाटे निघा. किनारपट्टीवर समुद्राकडचा वारा दुपारी चढतो, सकाळी बराच शांत असतो. आम्ही टेम्पोवाल्याच्या सामानासाठी थांबलो आणि पुलावर पोचेस्तोवर दुपार झाली. मे-जूनमध्ये वळवाचं वादळ तर काही मिनिटांत येतं. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं ते अशाच वादळात. हवामान खात्याच्या अंदाजात ताशी ४०-५० किलोमीटरचे सोसाट्याचे वारे लिहिले असतील तर ट्रेलर घरीच ठेवा. अंदाज पाहिला नसेल तर पुलाआधी थांबून झेंडे बघा, खाडीवर पांढरा फेस दिसतो का बघा. वाऱ्याविरुद्ध चालायला जड जात असेल तर पुलावर चढू नका.

परतताना वारा उजवीकडून लागतो आणि ट्रेलर डाव्या कठड्याकडे सरकतो, म्हणून अगदी डावी लेन धरू नका. केळव्याला सुरूच्या आडोशाला जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर ट्रेलरचं तोंड समुद्राकडे करून उभा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, आणि रात्री झडप बंद करून पुन्हा बांधा.