सव्वा व्होल्ट कुठे गेला

शनिवार, रात्री पावणेअकरा

आज सासवडहून पुण्याला परतताना दिवे घाटात मला दोनदा मोटारसायकल कडेला घ्यावी लागली. पहिल्यांदा समोरच्या ट्रकच्या उजेडाने डोळे दिपले म्हणून, आणि दुसऱ्यांदा, तो ट्रक निघून गेल्यावर, माझ्या स्वतःच्या दिव्यात रस्त्याची कड कुठे संपते आणि उतार कुठे सुरू होतो हेच कळेना म्हणून. खाली मस्तानी तलाव आहे हे ठाऊक होते इतकेच. दिसत काहीच नव्हते.

निघताना मामा फाटकापर्यंत आले होते. हेडलाइट लावल्यावर ते थोडे वाकले, काचेकडे पाहिले आणि म्हणाले, "अगं, हा हेडलाइट आहे की समई?" मी नेहमीप्रमाणे सहा व्होल्टांची जुनी गाडी, तिचा उजेड असाच असणार, असे काहीतरी बोलले. त्यावर ते जे म्हणाले ते घाटाखालच्या वडकीपर्यंत माझ्या डोक्यातून गेले नाही. "माझ्या हातात होती तेव्हा याच दिव्यावर मी रात्री फलटणला जाऊन आलोय. असा नव्हता तो."

गाडी १९६९ सालची जावा २५०, मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. मामांनी ती अनेक वर्षे वापरली, नंतर ती गोठ्याशेजारच्या खोलीत अंजिराच्या रिकाम्या क्रेटांखाली पडून राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी मी ती पुण्यात आणून पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतली. म्हणजे मामांच्या काळातला दिवा चांगला होता आणि मी हजारो रुपये खर्चून 'नवी' केलेल्या गाडीचा दिवा वाईट आहे. गेल्याच महिन्यात मी नवा बल्बही घातला होता. काडीचाही फरक पडला नव्हता.

रविवार, दुपार

तंत्रनिकेतनाच्या विद्युत प्रयोगशाळेत बावीस वर्षे मुलांना ओहमचा नियम शिकवणाऱ्या बाईने आपल्या गाडीचा दिवा मंद झाल्यावर मीटर लावण्याआधी दुकानात जाऊन बल्ब विकत घ्यावा, याची नोंद इथे करून ठेवते. एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला सर्वांदेखत विचारले असते.

आज सकाळी बॅटरी पूर्ण चार्ज करून, इंजिन बंद ठेवून, हेडलाइट लावला आणि मोजायला बसले. बॅटरीच्या टोकांवर ६.१५ व्होल्ट मिळाले. बल्बच्या टोकांवर ४.९० मिळाले. सव्वा व्होल्ट वाटेतच खर्च होत होता.

सव्वा व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो आणि बारा व्होल्टांच्या गाडीत तो त्या मानाने सुसह्यही असतो, पण सहा व्होल्टांत तो पाचवा हिस्सा आहे. शिवाय तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तो साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ घाताने कमी होतो, कारण तार थोडी जरी कमी तापली तरी तिचे बरेचसे उत्सर्जन डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेत जाते. हिशेब केला तर सहा व्होल्टांसाठी बनवलेला बल्ब ४.९० व्होल्टांवर जेमतेम निम्मा उजेड देतो, आणि तोही पिवळा नव्हे, तांबूस. मामांची समई हीच. त्यातच बल्बमधून जाणारा सुमारे ३.७ अँपिअरचा प्रवाह वाटेतल्या तारा आणि सांधे तापवण्यात साडेचार वॅट खर्च करत होता. मागचा टेल-लॅम्प पाच वॅटचा आहे. म्हणजे मी जवळजवळ एक टेल-लॅम्प वायरिंगच्या आत, कोणाला न दिसेल असा, पेटता ठेवून हिंडत होते.

मग एकेक सांधा धरला. दिवा लागलेला असताना मीटरची एक पिन सांध्याच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे ठेवायची. सांधा निर्दोष असेल तर मीटर जवळपास शून्य दाखवतो. हँडलवरच्या डिपरच्या, म्हणजे झोत वर-खाली करणाऱ्या, स्विचमध्ये ०.४५ गेले. बल्बच्या होल्डरमध्ये ०.१५. बॅटरीपासून दिव्यापर्यंतच्या सगळ्या तारेत ०.२५. उरलेले ०.४० कुठे गेले हे शोधायला मात्र तासभर लागला, कारण मी पॉझिटिव्हच्या वाटेवरच शोधत राहिले आणि परतीची वाट विसरले. बल्बमधून आलेला प्रवाह बॅटरीकडे जातो तो गाडीच्या धातूतूनच: होल्डर, रिफ्लेक्टर, दिव्याची रिंग, नंतर दिव्याचे कवच, नंतर फोर्क, नंतर चॅसिस. दोन वर्षांपूर्वी मी हे सगळे भाग सोलून, पावडर कोटिंग करून घेतले होते आणि लोकांना गाडीचा रंग हात फिरवून दाखवत होते. पावडर कोटिंग हा उत्तम विद्युतरोधक आहे. रिंगचा स्क्रू ज्या जागी कवचाला टेकतो तिथे रंगाचा जाड थर होता आणि सगळा प्रवाह स्क्रूच्या आट्यांवर रंग खरवडला गेला होता तेवढ्या दोन-तीन ठिपक्यांतून कसाबसा जात होता.

मामांच्या वेळी तिथे उघडे लोखंड होते.

डिपरचा स्विच खोलला तेव्हा आतली तांब्याची पट्टी बोटाच्या नखाएवढी निघाली. तिच्या कडा हिरव्या होत्या, मध्यभागी काळा डाग होता, आणि ज्या टोकावर ती टेकते ते टोक झिजून एका बाजूला तिरके झाले होते. पॉलिश पेपरने घासले तर मूळचा लालसर रंग वर आला, पण पट्टीत पूर्वीचा ताण राहिलेला नव्हता. दाबली की आळसावल्यासारखी परत येत होती.

बुधवार, रात्र

कॉलेजमधून थेट नाना पेठेत गेले. सुट्या भागांच्या दुकानांतून माझी गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येकाने एकच उपाय सांगितला, "ताई, गाडी बारा व्होल्ट करून टाका." डायनॅमो काढून टाकायचा, त्या जागी अल्टरनेटर बसवायचा, बॅटरी, कॉइल, हॉर्न, सगळे बल्ब बदलायचे. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. त्याच वॅटच्या बल्बला बारा व्होल्टांवर निम्माच प्रवाह लागतो, त्यामुळे माझ्या त्याच खराब सांध्यांतून सव्वा व्होल्टाऐवजी पाऊण व्होल्टही गेला नसता, आणि तोही बारातून. पण याचा अर्थ रंगाचा थर, हिरवी पट्टी आणि सैल होल्डर जसेच्या तसे राहिले असते आणि मला ते कळले नसते, एवढाच. शिवाय क्रँकच्या उजव्या टोकावरचा तो डायनॅमो आजही नीट चालतो. चालणारी वस्तू केवळ दुरुस्ती टाळण्यासाठी काढून टाकणे माझ्या जिवावर येते.

दुसरा सल्ला पस्तीस वॅटच्या बल्बचा. तो मात्र मी तिथेच हिशेब मांडून नाकारला. या गाडीचा डायनॅमो ४५ वॅटचा आहे. हेडलाइटचे २५, टेल-लॅम्पचे ५, स्पीडोमीटरचा छोटा दिवा आणि इग्निशन कॉइल धरली की डायनॅमोची मर्यादा जवळपास गाठली जाते. त्यात आणखी दहा वॅट घातले तर फरक बॅटरीतून जाणार आणि घाट संपेपर्यंत हॉर्न घोगरा होणार.

तिसरा सल्ला एलईडीचा. आठ वॅटमध्ये भरपूर उजेड मिळतो आणि डायनॅमोला उसंतही मिळते, म्हणून एक सहा व्होल्टांचा बल्ब घेऊन आले आणि रात्री सोसायटीच्या मागच्या भिंतीवर पाच मीटरवरून पाडून पाहिला. भिंत सगळी पांढरी झाली, तीच अडचण. जुना रिफ्लेक्टर आखलेला असतो तो त्याच्या नाभीवर, म्हणजे जिथून निघालेला उजेड समांतर झोत होऊन पुढे जातो त्या बिंदूवर, बसलेल्या बारीक तापल्या तारेसाठी. डिपची तार नाभीच्या किंचित वर ठेवलेली असते म्हणून तिचा झोत खाली वाकतो. या एलईडीचे चौकोनी ठिपके दांडीच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले होते आणि त्यांतला एकही तारेच्या जागी नव्हता, त्यामुळे डिप दाबला तरी उजेड खाली न जाता चहूकडे सांडत होता. अप्पर आणि डिप यांत मला फरक शोधावा लागला. परवा ज्या ट्रकवाल्याला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याच्याही डोळ्यांत मी हेच केले असते. तारेच्या जागी नेमके ठिपके बसवलेले चांगले एलईडीही मिळतात, पण आणलेला हा बल्ब त्यांतला नव्हता. तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

तपकीर गल्लीतून सहा व्होल्टांचे दोन रिले (किरकोळ प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच), दोन फ्यूज-होल्डर आणि अडीच चौरस मिलिमीटरची चार मीटर तार आणली. दहा अँपिअरचा रिले पुरेल असे दुकानदाराचे म्हणणे होते. मी तीस अँपिअरचा मागितला, कारण बल्बमधल्या थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि दिवा लागण्याच्या क्षणी नेहमीच्या दहापट प्रवाह झेपावतो. सहा व्होल्टांत तसा रिले येतच नाही म्हणाले. आलाच, चौथ्या दुकानात.

त्याच्या पुढचा रविवार

मधल्या काळात रिफ्लेक्टरचे काम झाले. यात माझी एक चूक आहे. काढल्यावर तो धुरकट दिसला म्हणून मी त्याच्या एका कोपऱ्यावरून दंतमंजन लावलेला मऊ कपडा फिरवला, आणि धुरकटपणाबरोबर चकाकीही पुसली गेली. खाली राखाडी पत्रा दिसू लागला. परावर्तक थर इतका पातळ असतो की त्याला बोटसुद्धा लावू नये, हे मी वाचले होते. क्रोम करून देतो म्हणणारे दोघे भेटले. क्रोम दिसायला झगझगीत असते, पण त्यावर पडलेल्या उजेडातला जेमतेम दोन तृतीयांश भागच परततो; निर्वातात चढवलेले ॲल्युमिनियम नव्वद टक्क्यांच्या आसपास परतवते. चांदी त्याहून सरस, पण ती काळी पडते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमचे काम करणारे सापडले. त्यांनी एवढासा एकच नग बघून आधी हसून घेतले आणि मग आठवड्याभरात करून दिला.

आज बॅटरीवरून फ्यूजमार्गे नवी जाड तार थेट दिव्यापर्यंत आणली. जुना डिपरचा स्विच तिथेच आहे, पण त्याच्यातून आता फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ प्रवाह जातो, त्यामुळे त्या थकलेल्या पट्टीला निवृत्तीनंतरची हलकी नोकरी मिळाल्यासारखे झाले आहे. होल्डरच्या मागे एक परतीची तार डाख देऊन पक्की केली आणि ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. माझ्या लाडक्या रंगाला कुठेही खरवडावे लागले नाही. रिले आणि सगळी नवी जोडणी दिव्याच्या कवचात बसली, बाहेरून काहीही दिसत नाही.

बल्ब तोच, पंचवीस वॅटचा. त्याच्या टोकांवर ५.९५ व्होल्ट. नुसत्या व्होल्टेजच्या हिशेबाने उजेड आधीच्या जवळजवळ दुप्पट झाला, रिफ्लेक्टरचा भाग वेगळा. भिंतीवर डिप दाबला तसा झोत टप्पकन खाली उतरला.

शनिवार, रात्री साडेदहा

काळोख पडेपर्यंत मुद्दाम सासवडला थांबले. दिवा लावल्यावर मामा काही बोलले नाहीत, रस्त्यापर्यंत जाऊन उजेडाच्या टोकाला उभे राहिले आणि तिथून हात वर केला.

घाटात अवघड वळणांवर इंजिन मंदावले की अजूनही चार्जिंगचा तांबडा दिवा लागतो, हेडलाइट किंचित बसतो आणि थ्रॉटल उघडले की पुन्हा वर येतो. ते राहणारच, डायनॅमोची गाडी आहे. पण दरीकडेच्या कठड्याचे पांढरे पट्टे मला एकेक करून दिसत होते, आणि एका वळणावर रस्त्यात पडलेला पेंढा त्याच्यावर चाक जाण्याच्या पुरेसा आधी दिसला.

वडकीच्या अलीकडे मागून आलेल्या टेम्पोने अगदी जवळ येऊन जोरात ब्रेक लावला आणि पुढे काढताना चालक ओरडला, "ताई, मागे दिवा आहे का?" दिवा होता. घरी येऊन मीटर लावला: टेल-लॅम्पवर ४.६. त्याची परतीची वाट मागच्या मडगार्डातून जाते, आणि मडगार्ड त्याच दिवशी, त्याच भट्टीतून, पावडर कोटिंग होऊन आले होते. तार मीटरभर उरली आहे.